सर्वाधिक गुण आमचे, मग मोठा चषक दुसऱ्यांना कसा?

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. तिचा संघ फर्स्ट लेगो लीगच्या (शाळकरी मुलांच्या रोबो स्पर्धेच्या) विभागीय फेरीत उतरला होता. रोबो गेममध्ये यांचेच गुण सर्वांत जास्त होते आणि त्याचा चषकही मिळाला. पण चॅम्पियन्स अवॉर्ड, म्हणजे सर्वांत मोठा चषक, आणि पुढच्या फेरीची संधी गुणतक्त्यात चौथ्या असलेल्या संघाला गेली. मुली रडत घरी आल्या. हा न्याय आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर: शाळा-क्लास सांभाळून सगळे शनिवार-रविवार त्या टेबलाभोवती घालवल्यावर रडू येणारच, रडू द्या त्यांना. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून निकालात काही वावगं दिसत नाही.

या स्पर्धेचे भाग चार: रोबो गेम (रोबोने टेबलावरची ठरलेली कामं, म्हणजे मिशन, करून गुण मिळवणं), रोबो डिझाइन, इनोव्हेशन प्रोजेक्ट (एखाद्या प्रश्नावर मुलांनी शोधलेला उपाय) आणि कोअर व्हॅल्यूज, म्हणजे संघ म्हणून मुलं एकमेकांशी आणि इतरांशी कशी वागतात ते. चॅम्पियन्स अवॉर्डसाठी चारही भागांना सारखंच वजन, प्रत्येकी २५ टक्के. पालकांना गॅलरीतून दिसतो तो फक्त रोबो गेम. अडीच मिनिटांची फेरी, पडद्यावर पळणारे आकडे, टाळ्या. तीन फेऱ्यांपैकी सर्वोत्तम गुण धरतात, त्यामुळे पहिल्या फेरीत रोबो भिंतीला धडकून अडकला तरी सगळं संपत नाही. उरलेला बराचसा निकाल परीक्षकांच्या खोलीत ठरतो, साधारण अर्ध्या तासात.

त्या खोलीत मी परीक्षक म्हणून बसलो आहे, म्हणून तिथे काय घडतं ते सांगतो. प्रशिक्षकांना तिथे बोलायला मनाई असते. मुलं आधी प्रोजेक्ट मांडतात, मग रोबो दाखवतात आणि आम्ही विचारतो, ‘हा हात असाच का केलात?’ एका संघाचा रोबो देखणा होता, वळणं अचूक, जोडणी घट्ट. प्रश्न आल्यावर सहाही मुलांनी मान वळवून मागे बसलेल्या सरांकडे पाहिलं. पुढच्या संघाचा रोबो जरा वेडावाकडा होता. त्यांच्यातल्या एका मुलीने वही उघडली. तीत हाताची चार चित्रं होती, तीन खोडलेली, आणि प्रत्येकीखाली कारण: ‘जड, पुढे झुकतो’, ‘गिअर निसटतो’, ‘बॅटरी उतरली की कमी वळतो’. ती बोलत असताना शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, ‘तिसरा माझा होता, तो चुकला.’ आमच्या हातातल्या मूल्यमापन पत्रिकेत चार पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर जायला कसं करून पाहिलं, काय बदललं आणि का, हे मुलांच्या तोंडून यावं लागतं. त्या वहीला आम्ही वरचे गुण दिले आणि आजही तेच देऊ.

तुमच्या मुलींचा रोबो कुणी दुसऱ्याने बनवला, असं मी मुळीच म्हणत नाही. कदाचित प्रोजेक्टचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं गेलं असेल. रोबो पळायला लागला की तसं फार वेळा होतं. स्पर्धेनंतर मूल्यमापन पत्रिका संघाला परत मिळतात. चषकांचे फोटो काढून झाले असतील तर आता मुलींना घेऊन त्या पत्रिका वाचायला बसा. कुठल्या रकान्यात खालची खूण आहे ते मुलींनाच शोधू द्या. आणि रोबो गेमचा चषक त्यांनी कमावलेलाच आहे, ‘नुसता गेमचा’ असं घरात कुणाला म्हणू देऊ नका.

प्रश्न: फर्स्ट लेगो लीगच्या रोबो गेमची फेरी चालू असताना मुलाने अडकलेला रोबो उचलला म्हणून पंचांनी टोकन काढून घेतलं. आम्ही हरकत घ्यायला गेलो, तर आमच्याशी बोललेच नाहीत. – पालक, चिंचवड

उत्तर: पंचांनी बोलायचं असतं ते मुलांशी, आणि तेच बरोबर आहे. फेरी संपली की मुलं आणि पंच टेबलाशी उभे राहून एकेक मिशन तपासतात. खरोखर शंका राहिली तर तिचा फायदा संघाला देतात. टोकनांचा हिशोब मुलांना तोंडपाठ हवा: सुरुवातीला सहा टोकन असतात, अडकलेला रोबो हाताने उचलला की दर वेळी एक जातं आणि शेवटी उरलेल्या टोकनांचे गुण मिळतात. सहा शिल्लक असोत की पाच, गुण ५०च. चार उरली तर ३५, तीन उरली तर २५. म्हणजे पहिल्यांदा हात लावणं फुकट असतं, दुसऱ्यांदा लावणं १५ गुणांना पडतं. रोबो वीस गुणांच्या मिशनच्या तोंडाशी अडकला असेल तर दुसऱ्यांदा उचलणंही परवडतं. हा निर्णय अडीच मिनिटांत टेबलापाशी उभ्या मुलाने घ्यायचा असतो, गॅलरीतून ओरडून सांगितलेला त्याच्या कामाचा नाही.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या संघाला रोबोकॉन या रोबो स्पर्धेच्या सामन्यांत लवकर बाहेर पडावं लागलं, पण कल्पनेसाठीचं पारितोषिक मिळालं. घरचे म्हणतात, हे उत्तेजनार्थ. – विद्यार्थी, कराड

उत्तर: घरच्यांना जपानचं उदाहरण सांगा. तिथल्या तंत्रमहाविद्यालयांची रोबोकॉन १९८८ साली सुरू झाली, प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या कल्पनेतून. तिथे सामने जिंकणाऱ्या संघाहून वरचा मान ‘रोबोकॉन तायशो’चा, आणि तो कल्पना व तिची घडण पाहून देतात. विजेत्यालाच तो मिळेल असं नाही. आशिया-पॅसिफिकच्या रोबोकॉनमध्येही सामन्यांचे विजेते वेगळे आणि परीक्षकांची पारितोषिकं वेगळी. ही स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली तेव्हा विषय होता ‘गोविंदा’, आणि २०२२ मध्ये दिल्लीत चक्क ‘लगोरी’. लगोरी रचणारा रोबो करायचा म्हटल्यावर जिंकायच्या आधी सुचावं लागतं, हे वेगळं सांगायला नको.

बायोडेटात पारितोषिकाचं नाव लिहा आणि त्याखाली एका ओळीत यंत्रणा नेमकी काय करत होती ते लिहा. मुलाखतीत त्या ओळीवरच विचारतील. रेखाचित्रं आणि मोडलेले भाग जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर्सना ते दाखवायला तुम्ही कॉलेजात असाल.