जुन्या डिजिटल इफेक्ट प्रोसेसरवरचे नॉब आणि बटणं कशी वापरायची?

तुम्ही विचारलंय की भजनी मंडळासाठी जुना डिजिटल प्रोसेसर घेतलाय, मॅन्युअल नाही, मिक्सरच्या ऑक्सला (आवाजाची जादा प्रत बाहेर काढणारी वाट) जोडलाय आणि बायपास (इफेक्ट बंद करायचं बटण) दाबलं की बुवांचा आवाज उलट वाढतो. मशीन बिघडलंय का?

नाही. बुवांचा मूळ आवाज त्यांच्या चॅनेलमधून स्पीकरला जातोच आहे. ऑक्समधून त्याचीच एक प्रत प्रोसेसरकडे जाते आणि तिथून फक्त रिव्हर्ब, म्हणजे घुमणं, परत यायला पाहिजे. बायपास दाबलं की बहुतेक मशीनं आत आलेला आवाज तसाच पुढे ढकलतात. मग तोच आवाज दोन वाटांनी स्पीकरवर येतो, वाढणारच की! इफेक्ट नको असेल तेव्हा बायपास विसरा, मिक्सरवरचा रिटर्नचा, म्हणजे प्रोसेसरकडून परत येणाऱ्या आवाजाचा, फेडर खाली घ्या.

मूळ आवाज किती आणि इफेक्ट किती हे ठरवणाऱ्या मिक्सच्या नॉबचंही तेच. ऑक्सवर जोडलंय तोवर तो पूर्ण उजवीकडे, १०० टक्क्यांवर. मध्ये ठेवलात तर कोरडा, म्हणजे इफेक्टशिवायचा, आवाजही परत येतो, आणि तोही मशीनमधून फिरून किंचित उशिरा. मूळ आवाजात तो मिसळला की गळा पोकळ ऐकू येतो. गिटार थेट प्रोसेसरमधून काढायची असेल तरच हा नॉब २०-३० टक्क्यांवर आणायचा.

इनपुट लावताना ‘हॅलो, माइक चेक’वर जाऊ नका. सगळ्यांना मिळून गजर करायला सांगा आणि दिवे बघा. हिरवे भरपूर, पिवळा अधूनमधून, लाल अजिबात नाही. ॲनालॉग मशीन थोडी जास्ती खपवून घेतं, डिजिटल सरळ तडतडतं. आणि भीतीपोटी इनपुट फार कमी ठेवून आउटपुट चढवलात तर सुस्स आवाज पाठ सोडत नाही.

प्रोग्रॅमचं, म्हणजे तयार इफेक्ट निवडायचं, चाक अभंग चालू असताना फिरवू नका, बऱ्याच मशीनांत रिव्हर्ब मध्येच तुटतो. आकडा लुकलुकत राहिला तर चाक दाबून किंवा एंटर देऊन प्रोग्रॅम उचलावा लागतो.

खरं काम एडिटमध्ये आहे. आपल्याकडची मंगल कार्यालयं म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. घुमणं आधीच फुकटात मिळतं. तिथे डिके, म्हणजे घुमणं विरायला लागणारा वेळ, १ सेकंदाच्या आसपास पुरे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसारख्या उघड्या मैदानात २ सेकंदही चालून जातो. प्री-डिले २०-३० मिलिसेकंद ठेवला की शब्द आधी कानावर पडतो, घुमणं मागून येतं. हाय-कट (वरचा तीक्ष्ण आवाज कापणारं सेटिंग) ५-६ किलोहर्ट्झवर आणा, नाहीतर टाळांचा नुसता चुरचुराट. खरं तर टाळांच्या माइकचा ऑक्स शून्यच ठेवा. रिटर्न एखाद्या चॅनेलवर घेतला असेल तर त्या चॅनेलचाही तोच ऑक्स शून्य. तो चढला की आवाज गोल फिरतो आणि मशीन बोंबलतं.

टॅप बटण डिलेसाठी, म्हणजे थोड्या वेळाने परत ऐकू येणाऱ्या प्रतिध्वनीसाठी. ठेक्यावर बोटाने दाबत गेलं की दोन टॅपमधलं अंतर मशीन धरतं. मिनिटाला १२० ठोके असतील तर ५०० मिलिसेकंद. ऑर्केस्ट्रावाल्यांना उपयोगी आहे, अभंगाला मी डिले लावत नाही.

बदललेलं सेटिंग स्टोअर केल्याशिवाय राहत नाही. कंपनीच्या प्रोग्रॅमवर सहसा लिहिता येत नाही, म्हणून स्टोअर दाबा, यूझरमधला (आपल्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांतला) नंबर निवडा, पुन्हा स्टोअर. यामाहाच्या एसपीएक्स९० (१९८५) सारख्या जुन्या पिढीच्या मशीनांत हे सगळं आतल्या छोट्या बॅटरीवर टिकतं आणि ती संपली की जातं. तेव्हा आकडे जमले की फोनवर डिस्प्लेचे फोटो काढून ठेवा. बटण दाबून धरून पॉवर चालू करायचा खेळ मात्र करू नका. काही मशीनांत त्याने फॅक्टरी रीसेट होतो, मग लावलेलं सगळं पुसलं जातं.