मैफलीवरच जगायचं आहे?

"मॅडम, संगीतावर पोट भरेल का हो?" हा प्रश्न मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणारे कधी आईवडील असतात, कधी विशारद होऊन नोकरी सोडायच्या बेतात असलेली मुलगी, तर कधी चाळिशी ओलांडलेले व्हायोलिनवादक. बावीस वर्षं पुण्यात समुपदेशन करतेय, त्यामुळे या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न आता मला लवकर ऐकू येतो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. एका तबलावादकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो 27 वर्षांचा. आठव्या वर्षापासून तबला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारदच्या पुढची अलंकार पदवी मिळवलेला, गुरूंकडे अजून तालीम चालू. आईच त्याला घेऊन आली होती. रात्री झोप नाही, घरात कोणाशी धड बोलणं नाही आणि दोन महिने तबल्यावरचं कापडसुद्धा काढलेलं नाही.

"याला तुम्ही सांगा मॅडम," आई म्हणाल्या. "एवढे मोठे गायक वसंतराव देशपांडे, त्यांनीसुद्धा लष्कराच्या हिशेब खात्यात इतकी वर्षं नोकरी केली. मग यालाच काय होतंय? स्थळं येतात, पहिला प्रश्न पगाराचा असतो. मी काय सांगू?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते वसंतराव होते."

आईंना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि त्याला विचारलं, "तुझ्या मते खरा कलाकार कोण?"

"जो मैफलीवर जगतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे क्लास घेतात."

'क्लास' हा शब्द त्यानं ज्या सुरात उच्चारला, तो सूर मी वहीत टिपून ठेवला. पुढे तोच कामाला आला.

सुरुवातीला मी त्याच्याशी मनाबद्दल फार बोललेच नाही. गेल्या वर्षभरातल्या तारखा आणि मिळालेली बिदागी लिहून आण, एवढंच सांगितलं. आणायला त्याला तीन आठवडे लागले. एकूण 46 तारखा. त्यातल्या 31 गणपतीपासून फाल्गुनापर्यंतच्या. आषाढात फक्त दोन. सात ठिकाणी पाकीट मिळालंच नव्हतं, "नंतर बघू" म्हणून राहिलेलं. बेरीज झाली 1,27,500 रुपये. त्यानं ती माझ्यासमोर तीनदा केली.

"म्हणजे मी नापास," तो म्हणाला.

"कुठल्या परीक्षेत?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण माझी खात्री तिथेच झाली. आईचा प्रश्न होता, पोट भरेल का. त्याचा प्रश्न होता, मी खरा कलाकार आहे का. दोन्ही प्रश्न त्यानं एकाच पाकिटात घातले होते, त्यामुळे प्रत्येक पाकीट उघडताना त्याला स्वतःची किंमत मोजल्यासारखं वाटायचं. असं होत असताना कोण शांतपणे हिशेब करू शकेल? आणि आपलं मानधन तरी कोण तोंडानं सांगू शकेल?

सहावी भेट मला अजून जशीच्या तशी आठवते. जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस. संध्याकाळी त्याची कुठेतरी साथ होती, म्हणून पहिल्यांदाच तो तबल्याची बॅग घेऊन आला होता. खोलीत दमट हवा. येताच म्हणाला, "ताई, दहा मिनिटं देता? तबला सुरातून पार उतरलाय, तिथे जाऊन वेळ मिळणार नाही." मी म्हटलं, लाव की. फक्त काय करतोयस ते मला सांगत राहा, मला त्यातलं काही कळत नाही.

त्यानं जमिनीवर बसून तबला मांडीजवळ घेतला. आधी बाजूच्या पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली ठोकले, मग हातोडी गजऱ्यावर, म्हणजे वरच्या कडेच्या वेणीवर आली. एक टोला, मग बोटानं 'ना' हा बोल, मग मान किंचित वाकडी करून ऐकणं. तबला थोडा फिरवायचा, पुन्हा तेच. "काळी चारच्या सुराला आणायचाय. हे घर चढलं, पण समोरचं उतरलेलं आहे. पुडीला, म्हणजे या वरच्या कातड्याला, कडेनं सोळा घरं असतात ताई. एकाच घरावर ठोकत बसलं तर तेवढंच चढतं, तबला सुरात येत नाही. आणि फार ठोकलं तर पुडीच जाते."

मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते मला आता जमतं. त्यानं आणखी दोन घरं लावली. मग हातोडी हातातच राहिली. बराच वेळ तो पुडीकडे बघत होता. शेवटी त्यानं उरलेली घरं पूर्ण लावली, एकदा किनारीवर 'ना' वाजवला, तो खोलीभर स्वच्छ घुमला, आणि मला म्हणाला, "माझी ती तारखांची वही आहे का तुमच्याकडे?"

वहीच्या मागच्या पानावर त्यानं एक गोल काढला, त्याला सोळा रेघा मारल्या आणि घरं भरायला लागला. मैफलीतली साथ. कथकच्या वर्गांना साथ. स्टुडिओ. थोडं थांबून चौथ्या घरात, हळूच, 'शिकवणं'. पाचव्यात 'आकाशवाणी?' असं प्रश्नचिन्हासकट. पुढची अकरा रिकामीच राहिली. पण 'क्लास' न लिहिता त्यानं 'शिकवणं' लिहिलं, हे मी पाहिलं.

त्या दिवशी मी त्याला त्याचंच 'जो मैफलीवर जगतो' हे वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात तू म्हणाला नाहीस, पण मला ऐकू आलेलं एक अक्षर आहे. कुठलं?" त्याला दोन मिनिटं लागली. "मैफलीवर'च'," तो म्हणाला.

माणसाच्या दुःखाचा मोठा भाग या 'च'मध्ये असतो असं मी मानते. मैफलीवर जगायला आवडेल, ही इच्छा सुंदर आहे. तिनं माणूस रोज सहा तास रियाज करतो. मैफलीवरच जगलं पाहिजे, नाहीतर मी कुणीच नाही, हा हुकूम आहे. त्यानं तबल्यावरचं कापड निघत नाही. गायिका प्रभाताई अत्रे आकाशवाणीत होत्या, पुढे एसएनडीटी विद्यापीठात संगीताच्या विभागप्रमुख होत्या. गायक जितेंद्र अभिषेकीबुवांनी मुंबई आकाशवाणीत नोकरी केली. कुमार गंधर्व क्षयानं आजारी असताना देवासचं घर त्यांच्या पत्नी भानुमतीताईंच्या शाळेतल्या नोकरीवर चाललं. "यांच्यातलं कोण तुला कमी वाटतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "वसंतरावसुद्धा नाही." मग आम्ही आईंना आत बोलावलं.

इथून पुढचं सांगते ते त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. शिकवायचं ठरवलंत, तर वहीत आधी रियाजाचे तास लिहा, उरलेल्यात विद्यार्थी बसवा. उलटं केलंत की वर्षभरात हात जातो आणि मग शिकवण्याचाच राग येतो. याच्याकडे आता न्यू जर्सीतल्या मराठी घरांतली तीन मुलं ऑनलाइन शिकतात. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळे आठ वाजता तो मोकळा होतो आणि अख्खी सकाळ त्याची उरते. 2020 च्या मार्चमध्ये सभागृहं बंद झाली, तेव्हा असे चार विद्यार्थी असलेले आणि नसलेले वादक मी दोन्ही पाहिले आहेत. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नवी साउंड सिस्टीम घेऊ नका, एवढं मी हट्टानं सांगते.

स्टुडिओत वाजवून पाकीट घेऊन घरी येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाजवलेल्याचा व्यावसायिक वापर झाला तर वादकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आकाशवाणीची ऑडिशन द्या. बी, बी-हाय, ए अशा चढत्या श्रेणी असतात आणि मिळालेली श्रेणी पुढे ओळख म्हणून उपयोगी पडते. मोठे आयोजक मानधनातून 10 टक्के कर कापून घेतात. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर तो परत मिळतो. यानं कधी भरलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही एका वाक्यावर घालवला. मी आयोजक झाले.

"अरे, आपलं घरचंच कार्य आहे. किती द्यायचे तुला?"

"तुम्ही द्याल ते."

"पुन्हा."

"काका... तुम्हीच सांगा ना."

"पुन्हा."

नवव्या वेळी आकडा तोंडातून आला, तोही माझ्याकडे न बघता. दोन भेटींनंतर आकडा सांगून तो गप्प बसायला शिकला. पुढचं "चालेल ना?" त्यानं गिळलं. माझ्या लेखी सोळा घरांइतकीच ही मोठी गोष्ट होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आईंना अजूनही बँकेतली नोकरीच बरी वाटते आणि त्यांची काळजी खोटी आहे असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. पण महिन्याच्या पाच तारखेला तो त्यांच्या हातात ठरलेली रक्कम ठेवतो. स्थळ आलं की त्या आता विचारणाऱ्याला आकडा सांगतात.

गेल्या कोजागिरीच्या आधी एका ओळखीच्या आयोजकांनी त्याला विचारलं. यानं आकडा सांगितला, गप्प बसला. पलीकडेही शांतता. मग "बघतो, कळवतो," आणि तारीख दुसऱ्या कुणाला गेली. त्या रात्री साडेदहाला मला त्याचा निरोप आला: "तारीख गेली ताई. आज चार तास रियाजाला बसलो."