मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत, मग क्रूझ कशी करायची?

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, त्यातलं कामापुरतं इथं देतो. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. मुलगी २३ वर्षांची, पुण्यात आयटीत लागून वर्ष झालं. मुलगा २० वर्षांचा, बेळगावातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चौघांनी मिळून क्रूझला जायचं, असं पोरांच्या मनात आहे. एजंटनं दोन कोटेशन दिलीत. पहिलं सिंगापूरचं: बेंगळूरहून विमान, दोन रात्री हॉटेल, चार रात्री जहाज, चौघांचे मिळून ५,२०,०००. दुसरं मुंबईहून निघून गोवा करून परत मुंबईला येणाऱ्या जहाजाचं: तीन रात्री, दोन खोल्या, कर धरून १,४८,०००.

दोघांचा पगार मिळून हातात ८४,००० येतो. घरखर्च ५०,०००, घराच्या कर्जाचा हप्ता १४,५००, भिशी ५,०००, एसआयपी ५,०००. क्रेडिट सोसायटीत ४ लाखांची ठेव आहे, तिची मुदत दिवाळीत संपते. बँकेत लाखभर आहेत, ते मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी. भिशीचे ५०,००० फेब्रुवारीत मिळतील. ताईंचा विचार असा, की दिवाळीत ठेव काढायची, वर दोन लाखांचं पर्सनल लोन घ्यायचं आणि सिंगापूरच करायचं. मुलगी म्हणते, अर्धे मी घालते. मिस्टर म्हणतात, "पोरीच्या पैशावर फिरायचं असलं तर मी घरातच बसतो."

ताई, सप्रेम नमस्कार. आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. मुंबईचं जहाज धरा, आणि पुढच्या मेमध्येच धरा. सिंगापूर आत्ता नको. ठेवीला हात लावू नका. कर्ज तर अजिबात काढू नका. आणि मुलीचे पैसे घ्या, पण अर्धे नव्हे, तिच्या एकटीच्या वाट्याचे.

ठेवीचं बघू. तुमचा घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ६४,५०० लागतात. सहा महिन्यांचे झाले ३,८७,०००. म्हणजे ती चार लाखांची ठेव तुम्हाला जास्तीची वाटत असली तरी ती जास्तीची नाही. मिस्टरांच्या कारखान्यात ऑर्डर कमी झाल्या, ओव्हरटाइम बंद झाला, कुणाचं ऑपरेशन निघालं, तर घर चालवायला तुमच्याकडे तेवढीच रक्कम आहे. ती सहलीत घातली की त्यानंतरची प्रत्येक छोटी अडचण कर्जावर जाणार. दोन लाखांच्या पर्सनल लोनला १३ टक्के धरले तर तीन वर्षं ६,७४० च्या आसपास हप्ता बसतो आणि व्याज ४२,६०० जातं. सगळे हप्ते जाऊन तुमच्या हातात महिन्याला साडेनऊ हजार उरतात. त्यातले पावणेसात हजार तीन वर्षं जहाजाला द्यायचे? चार रात्रींसाठी हे मला पटत नाही.

ठेवीवरून आणखी एक सांगतो, सहलीशी त्याचा संबंध नसला तरी. आपल्या बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, दारावर येऊन गोळा करणारा माणूस घरातल्यासारखा होतो आणि एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून आपण पैसे तिथंच ठेवतो. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. क्रेडिट सोसायटीच्या किंवा सौहार्द सहकारी संस्थेच्या ठेवीला ते नसतं. माझ्या आईची ठेव एका सोसायटीत अडकली होती. ती दर महिन्याला पासबुक पिशवीत घालून तिथं जायची आणि 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत यायची. तुमची सोसायटी चांगलीच असेल, पण अडीअडचणीचा पैसा अडीअडचणीला हातात आला पाहिजे. दिवाळीत मुदत संपली की ती रक्कम काढून बँकेत एफडी करा आणि एकाऐवजी चार पावत्या करून घ्या, म्हणजे लागली तर एकच मोडता येईल.

आता सिंगापूरचं कोटेशन. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. ५,२०,००० हा शेवटचा आकडा नाही. परदेशी जहाजांवर नोकरवर्गाची टिप माणशी, दर रात्रीची, वेगळी लागते आणि ती जहाजावरच्या तुमच्या खात्यात आपोआप चढते. ती यात नाही. व्हिसाची फी नाही, प्रवास विमा नाही. इंटरनेट, किनाऱ्यावर उतरून करायची सहल, बुफे सोडून खास हॉटेलातलं जेवण, शीतपेयं, काहीच नाही. चौघांचे पासपोर्ट काढायचे आहेत, साध्या पासपोर्टला सरकारी फीच १,५०० प्रमाणे ६,००० झाली. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, लागतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. शिवाय कार्डानं परकीय चलनात खर्च केला की बँक वर दोन-तीन टक्के लावते. माझ्या अंदाजानं ही सहल सहा लाखांच्या खाली बसत नाही.

पासपोर्टचं निघालंच आहे तर, यंदा गरज नसली तरी तो काढायला टाका. आपल्याकडे कागदपत्रं कन्नडमधून इंग्रजीत जातात आणि तिथं नावाचं पार रूप बदलतं. बापाच्या रेशनकार्डावर चौगला, पोराच्या दहावीच्या मार्ककार्डावर चौगुले, आईच्या आधारवर तिसरंच काहीतरी. हे सरळ करायला महिने जातात. तिकीट आणि पासपोर्टावरचं नाव जुळलं नाही तर विमानतळावर कुणी ऐकून घेत नाही. मुंबई-गोवा फेरी देशातल्या देशात असल्यानं तिथं आधारकार्डावर भागतं. तुमच्यासाठी हेही एक कारण आहेच.

खोल्यांचं तुम्ही जाता जाता विचारलंय, पण पैसे खरे तिथंच वाचतात आणि नको तेवढे वाचवलेही तिथंच जातात. जहाजाचं भाडं एका खोलीत दोन माणसं धरून सांगतात. तिसऱ्या-चौथ्याला तेच भाडं बरंच कमी पडतं, म्हणून एजंट म्हणतो, चौघं एका खोलीत राहा. लहान मुलं असती तर मीही हेच सांगितलं असतं. पण आतली खोली म्हणजे साधारण दहा बाय पंधराची जागा, तिला खिडकी नाही. खाली दोन पलंग, वर रेल्वेच्या बर्थसारख्या भिंतीतून उघडणाऱ्या दोन फळ्या, आणि बाथरूम एकच, त्यात साबण लावताना कोपर भिंतीला लागतं. तेवीस वर्षांची मुलगी, वीस वर्षांचा मुलगा आणि आईबाबा, सकाळी आठ वाजता त्या एका दारासमोर. तीन रात्री सगळेच एकमेकांना सांभाळून घेतील, पण मजा येणार नाही. लहान मुलांची वयाची सवलत तुमच्या मुलांना मिळणार नाही, बंदराचे करही माणशी पूर्ण पडतात, त्यामुळे चौघांना कोंबून बचत वाटते तेवढी होत नाही.

दुसऱ्या कोटेशनमध्ये दोन आतल्या खोल्या आहेत, ते योग्य आहे. बाल्कनीचा मोह सोडा. डेक सगळ्यांचा असतो, समुद्र तिथून फुकट दिसतो आणि पोरं खोलीत झोपण्यापुरतीच येणार. दोन्ही खोल्या शेजारीशेजारी मागून घ्या, बुकिंगच्या वेळीच. मायलेकी एका खोलीत, बापलेक दुसऱ्या, असं कागदावर लावतात. पण लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तुमचा आहे. भावंडांना एक खोली द्या, तुम्ही दोघं एका खोलीत राहा. खोलीत एक माणूस अमुक वयाच्या वरचा हवा असा नियम बहुतेक कंपन्यांचा असतो, तेवढा विचारून घ्या.

बाकी खर्च थोडक्यात सांगतो. बेळगाव-मुंबई रात्रीच्या बसनं जाऊन येऊन चौघांचे १०,००० धरा. जहाजावरच्या वरखर्चाला २०,०००. सगळे मिळून १,७८,००० झाले. चार वाटे केले तर माणशी ४४,५००.

आता मुलीच्या पैशाचं. खरी अडचण इथं आहे, आणि पत्रात तुम्ही ती दोनच ओळींत उरकलीत.

गेल्या वर्षी निपाणीहून एक कुटुंब माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. वडिलांचा तंबाखूचा छोटा व्यापार, मुलगी बेंगळूरला नोकरीला. तिथंही हाच वाद. वडील माझ्याशी बोलत होते आणि मुलीकडे बघतही नव्हते. तिनं काही न बोलता फोन टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. बँकेच्या ॲपमध्ये एक आरडी होती, महिना तीन हजार, दोन वर्षं चाललेली, आणि तिला नाव दिलेलं 'आईबाबांची ट्रिप'. वडिलांनी चष्मा वर करून ते वाचलं. परत वाचलं. मग मलाच म्हणाले, "साहेब, हिनं मला सांगितलं का नाही?" त्यांना पैशाचा राग नव्हताच. आपल्या घरात आपल्याला न विचारता काही ठरतंय, याचं त्यांना लागलं होतं.

तुमच्या मिस्टरांचंही तसंच असेल असं मला वाटतं. ज्यानं पंचवीस वर्षं सगळ्यांची तिकिटं काढली, त्याला मुलीनं 'अर्धे मी घालते' म्हटलं की ते मदतीसारखं ऐकू येतं. म्हणून अर्धे नकोत. तिनं फक्त आपलं तिकीट काढायचं, ४४,५००. आता ती कमावते, कमावत्या माणसानं स्वतःचं भाडं भरणं यात बापाचा कमीपणा नाही. तिच्याही बाजूनं बघा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षाला ८९,००० एका सहलीत घातले तर तिच्या स्वतःच्या अडीअडचणीचा पैसा संपेल. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या मुलीनं आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला हवा. हे तिला माझ्या नावानं सांगा, तुमचं ऐकणार नाही कदाचित.

मुलाचा वाटा तुम्ही भरा. पण जहाजावरचा त्याचा स्वतःचा खर्च त्यानं इंटर्नशिपच्या पैशातून करावा. तिथं खोलीचं कार्ड दाखवलं की सगळं मिळतं, बिल शेवटच्या दिवशी येतं. चढल्याबरोबर काउंटरवर जाऊन पोरांच्या कार्डांना मर्यादा घालून घ्या आणि ती किती, ते घरातच चौघांनी ठरवा.

मग तुम्हा दोघांच्या वाट्याला उरले १,३३,५००. जुलैपासून मार्चपर्यंत ८,००० ची आरडी करा, साडेसहा टक्क्यांनी ७४,००० च्या आसपास होतात. फेब्रुवारीत भिशीचे ५०,०००. एप्रिलमधले उरलेले साडेनऊ हजार. बसलं की बरोबर! हात आखडून राहावं लागेल, हे मला माहीत आहे. दसऱ्या-दिवाळीला नवीन काही घेता येणार नाही. एसआयपी मात्र बंद करू नका, ती पोरांची नाही, तुमच्या दोघांच्या म्हातारपणाची आहे.

'आत्ता पैसे नाहीत तर दोन वर्षं थांबू, मग सिंगापूरच करू,' असं मिस्टर म्हणतील. पैशाच्या हिशेबानं त्यांचं चुकत नाही, पण इथं पैशापेक्षा सुट्ट्या दुर्मिळ आहेत. पुढच्या जूनमध्ये मुलगा कुठं नोकरीला लागेल, बेंगळूर की हैदराबाद, सांगता येत नाही. नव्या नोकरीत पहिलं वर्ष सलग रजा मिळणं अवघड असतं. मुलीचं लग्न ठरलं तर ती सासरचीही सुट्टी बघणार. चौघं एकाच वेळी मोकळे, आणि तुमच्या शाळेलाही उन्हाळी सुट्टी, असा हा पुढचाच मे आहे. सिंगापूर नंतरही तिथंच असेल, तेव्हा घरात तीन-चार पगार असतील आणि सहा लाख कुणालाच जड जाणार नाहीत.

तारीख ठरवताना लग्नाच्या तिथीचा हट्ट धरू नका. व्हीटीयूच्या, म्हणजे मुलाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या, परीक्षेचं वेळापत्रक पुढं-मागं होतं आणि त्याचं शेवटचं सेमिस्टर आहे. मेच्या अखेरीस अरबी समुद्र खवळायला लागतो, म्हणून एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा एवढीच जागा आहे. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारांची फेरी मिळाली तर भाडं कमी पडतं. एखादी फेरी गोव्यातून, मुरगाव बंदरातून चढू देत असेल तर तेही विचारा. चोर्ला घाटातून तीन-चार तासांत वास्को गाठता येतं, मुंबईची रात्रभराची बस वाचेल.

ॲडव्हान्स जानेवारीत द्या, सेमिस्टरचं कॅलेंडर हातात आल्यावर. तो मुलीच्या ४४,५०० मधून जाऊ दे. देण्याआधी रद्द केल्यास किती कापणार आणि तारीख बदलायला किती घेणार, हे एजंटकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. शेवटच्या काही आठवड्यांत रद्द केलं तर बहुतेक जहाज कंपन्या काहीच परत देत नाहीत. मुलगी पुढच्या वेळी शनिवारी घरी आली की हा कागद चौघांत वाचा, आणि आकडे मिस्टरांना स्वतःच्या हातानं वहीत मांडू द्या.