पाण्याचं विचारा: शेजाऱ्याचं बोअर आणि आपली विहीर

मागच्या अंकात जमिनीखालच्या पाण्यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, उन्हाळा असल्यामुळे असेल पण भरपूर प्रश्न आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकाच भांडणावर आहेत, विहीर आणि बोअर. त्यामुळे त्याला जास्त जागा देतेय, बाकीच्यांना थोडक्यात उत्तर दिलं तर राग मानू नका.

प्रश्न: माझी विहीर ४५ फूट आहे, वडिलांच्या काळातली. शेजाऱ्याने बांधाला लागून ६५० फुटांचं बोअर मारलं आणि तेव्हापासून विहीर जानेवारीतच तळाला जाते. तो म्हणतो माझं पाणी ६०० फुटांवरचं आहे, तुझ्या विहिरीशी काही संबंध नाही. खरं काय? (पारनेर तालुक्यातले एक शेतकरी)

दादा, संबंध असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, का ते सांगते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला त्याचे थर, पोळ्यांची चळत असते तसे. त्यातला काळा पाषाण घट्ट असतो, त्याच्यात पाणी फक्त सांध्यांत आणि भेगांत राहतं. त्याच्यावर किंवा खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकाभोकांचा मऊसर खडक असतो, तो झिजला की त्यात पाणी बऱ्यापैकी मुरतं, आणि सगळ्यात वर मुरूम. तुमच्या वडिलांची विहीर याच मुरमात आणि वरच्या फुटक्या पाषाणात आहे, आणि पावसाचं पाणी दरवर्षी सगळ्यात आधी तिथेच भरतं.

आता बोअर मारताना केसिंग, म्हणजे भोकात बसवायचा पाइप, किती टाकतात ते आठवा. माती ढासळू नये म्हणून वरचे २०-३० फूट, फार तर ४०, बाकी खाली सगळं उघडं. म्हणजे ५० फुटांवरची भेग, १२० फुटांवरचा मांजऱ्या, जे जे आडवं येईल ते सगळं त्या एका भोकात उतरतं आणि खाली जाऊन साठतं, मोटर ५०० फुटांवर सोडलेली असते म्हणून मालकाला वाटतं की पाणी ५०० फुटांवरचं आहे. मोटर कुठे आहे आणि पाणी कुठून आलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढं जरी गावागावात कळलं ना तरी अर्धी भांडणं वेगळ्या पद्धतीने होतील.

खोलवर पाणी नसतंच असं नाही. दोन थरांच्या मधल्या जागेत, गेरूच्या थराच्या आसपास, मोठ्या भेगेत लागतं कधी कधी. पण खोल गेलं की वरच्या वजनाने भेगा मिटत जातात आणि जे पाणी असतं ते तिथे लवकर पोचलेलं नसतं. ते किती जुनं आहे हे तपासता येतं, पाण्यात ट्रिशियम नावाचा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार असतो, तो दर सव्वाबारा वर्षांत साधारण निम्मा होतो, आणि १९५०-६० च्या दशकात अणुचाचण्यांमुळे पावसात तो खूप वाढला होता. पाण्यात ट्रिशियम जवळपास सापडलाच नाही तर ते पाऊस म्हणून पडलं त्याला साठेक वर्षं तरी होऊन गेली असं धरतात. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात असा समस्थानिकांवरून, म्हणजे ट्रिशियमसारख्या एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या प्रकारांवरून, भूजलाचा अभ्यास होतो. म्हणजे शेजारी म्हणतो ते खरं निघालं, ते पाणी खरोखर खोलचं असलं, तरी ते त्याच्या हयातीत परत भरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

तुमच्या दोघांचं पाणी एकच आहे का हे बघायचा साधा उपाय आहे. त्याचं बोअर रात्रभर बंद असेल तेव्हा पहाटे विहिरीची पातळी मोजा, तुमची मोटर चालू करू नका, मग त्याचं बोअर चालू झाल्यावर दर अर्ध्या तासाने मोजा, संध्याकाळपर्यंत. त्याची मोटर चालू झाल्यावर तुमची पातळी उतरायला लागली आणि बंद झाल्यावर परत सावरली तर संबंध आहे. एका दिवसात फरक दिसला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका, वरच्या थरातलं पाणी हळूहळू गळून खाली जात असेल तर ते महिन्यांच्या नोंदीतच दिसतं. आणि शक्य असेल तर हे त्याला बरोबर घेऊन करा, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी टेप बघितला की बोलणं सोपं होतं.

कायद्याचंही बऱ्याच जणांनी विचारलंय. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल असेल तर ती खोल विहीर धरली जाते आणि अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या भागात, ती घ्यायला बंदी आहे. गावच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही ही अट तर १९९३ च्या कायद्यापासूनची. पण माझं स्पष्ट मत सांगते, रात्री बोअरची गाडी येते आणि सकाळी निघून जाते तिथे कायदा पोचेपर्यंत भोक पडलेलं असतं. जिथे हे थांबलंय तिथे गावाने थांबवलंय. हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअर नाही आणि दरवर्षी पावसानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरतात. सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादनेही बोअरवर बंदी घातली, तिथे पुण्याच्या अॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेने खडकाचा अभ्यास गावकऱ्यांबरोबर बसून केला होता. ही दोन्ही कमी पावसाकडची गावं आहेत, पाण्याने श्रीमंत नव्हती.

प्रश्न: आमच्याकडे पाणाडी हातात नारळ घेऊन जागा दाखवतात आणि बहुतेक वेळा पाणी लागतं. मग यात काहीतरी असेल ना? (जत)

पाणी लागतं कारण आपल्या खडकात वरच्या मुरमात आणि फुटलेल्या पाषाणात थोडंफार पाणी बऱ्याच ठिकाणी असतंच, त्यामुळे डोळे मिटून जागा दाखवली तरी काहीतरी ओल लागणार. खरा प्रश्न किती पाणी आणि एप्रिलमध्ये किती हा आहे, आणि त्याचं उत्तर नारळ देत नाही. पाणाडी वयस्कर असेल आणि त्याने आयुष्यभर विहिरी बघितल्या असतील तर उतार, झाडं, ओढ्याचं वळण, जुन्या विहिरी यावरून त्याला अंदाज येतो, त्या अनुभवाला मी मानते. पण लाखभर रुपये घालायच्या आधी भूवैज्ञानिकाकडून विद्युतरोध सर्व्हे करून घ्या, जमिनीत वीज सोडून खालचे थर ती किती अडवतात ते मोजतात, ओला मुरूम आणि कोरडा पाषाण यांचं मोजमाप वेगळं येतं. तोही शंभर टक्के बरोबर येत नाही, पण चूक झाली तर का झाली हे तरी सांगता येतं.

प्रश्न: डाळिंबाच्या बागेसाठी आम्ही पन्नी टाकून शेततळं केलं, ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. दिवाळीनंतर बोअरने भरून ठेवतो. आमचे सासरे म्हणतात हे चूक आहे. पाणी वाया तर घालवत नाही, साठवतोच आहोत ना? (सांगोला तालुक्यातल्या एक वाचक)

ताई, सासऱ्यांचं म्हणणं ऐका. अडचण तळ्याची नाही, ते कशाने भरलं याची आहे. ओढ्याचं, शेतातलं वाहून जाणारं पाणी भरलं तर ती बचत. पण बोअरने भरलं म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून उन्हात आणून ठेवलं. तुमच्या तळ्याच्या बाजू उतरत्या असणार, म्हणजे साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे उन्हात दिवसाला सरासरी ७ मिलिमीटर पाणी उडतं धरलं तरी भरलेल्या तळ्यातून रोज ६,३०० लिटर हवेत जातात. पातळी उतरते तसा पृष्ठभाग आकसतो, वापरही चालू असतो, ते सगळं वजा करूनही शंभर दिवसांत चार-पाच लाख लिटर, म्हणजे जवळपास पाव तळं, एकाही झाडाला न मिळता गेलं. खाली पन्नी असल्यामुळे मुरायचाही प्रश्न नाही.

आणि हे आजूबाजूचे दहा जण करतात तेव्हा काय होतं बघा, दिवाळीनंतर सगळ्यांना घाई, कारण मी नाही उपसलं तर दुसरा उपसून तळ्यात भरणार. मग जानेवारीतच विहिरी कोरड्या आणि ज्याच्याकडे तळं नाही त्याचं पिण्याचं पाणी गेलं. मी तुमच्यावर आरोप करत नाहीये, बागेवर कर्ज असतं, एक उन्हाळा हुकला की झाडं जातात, ती भीती खरी आहे. पण निदान ऑक्टोबरपर्यंत वाहणाऱ्या पाण्यानेच भरायचं, वर शेडनेट टाकता येत असेल तर टाकायचं आणि बागेचं क्षेत्र पावसाकडे बघून ठरवायचं, एवढं घरात बोलून बघा.

प्रश्न: आमच्या ओढ्याला पूर्वी होळीपर्यंत धार असायची, आता दिवाळीनंतर कोरडा. पाऊस तर तेवढाच आहे. खोलीकरण केलं तरी फरक नाही. (पुरंदर)

पाऊस ऑक्टोबरला थांबतो, मग नोव्हेंबर ते मार्च ओढ्यात पाणी कुठून यायचं? दोन्ही काठांच्या जमिनीतून पाझरून. भूजलाची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेपर्यंत धार राहते, पातळी खाली गेली की धार तुटते. म्हणजे ओढा आटला नाही, आजूबाजूच्या विहिरी-बोअरनी त्याचं पाणी वाटेतच उचललं. त्या धारेवर मासे, खेकडे, बेडूक, पाणकोंबड्या सगळे जगत होते, ते सगळं एका फुटाच्या फरकाने जातं.

खोलीकरणाबद्दल मला काळजी वाटते आणि ती मी आधीही मांडलीय. जेसीबीने मुरमाच्या खाली पाषाणापर्यंत खणलं की साठा वाढल्यासारखा दिसतो, पण कधी कधी काठांच्या मुरमातलं पाणी त्या चरात लवकर निथळून जातं आणि वरच्या बाजूच्या विहिरी उलट आधी आटतात. कुठे किती खणायचं हे खडक बघून ठरतं, खणाईच्या बिलावरून नाही.

प्रश्न: टीडीएस मीटरवर आमच्या बोअरचं पाणी ३५० दाखवतं. म्हणजे प्यायला चांगलं ना? (पांढरकवडा)

फक्त तेवढ्यावरून सांगता येत नाही, आणि तुमच्या भागात तर अजिबात नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची बेरीज, त्यात काय आहे ते मीटर सांगत नाही. भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, आणि नायट्रेट ४५ च्या आत. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि पुढे हाडांचा त्रास त्याने होतो, आणि असं पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड असतं. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. जंतू तर मीटरला दिसतच नाहीत. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि फ्लोराइड, नायट्रेट, जंतू तिन्ही सांगून तपासून घ्या. घरात लहान मुलं असतील तर रिपोर्ट येईपर्यंत प्यायचं पाणी उघड्या विहिरीचं किंवा नळाचं वापरा, मात्र ते उकळून.

प्रश्न: जमिनीच्या आत जे पाणी आहे त्यात मासे असतात का? मी सातवीत आहे. (राजापूर)

असतात! केरळमध्ये जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींतून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचे, डोळे नसलेले, गुलाबी मासे वर येतात. होराग्लॅनिस त्यांचं नाव, पहिला १९५० मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला, आणि २०२३ मध्ये त्याच कुळातला एक नवीन जाहीर झाला, तो शोधायला गावातल्या लोकांनी मोठी मदत केली, कुणाच्या बादलीत आला, कुणाच्या टाकीत. तिथलाच पॅन्जिओ भुजिया नावाचा गांडुळासारखा बारीक मासा २०१९ मध्ये नोंदवला गेला, त्याला पाठीवर परच नाही. अंधारात राहणारे बारीक झिंग्यासारखे जीवही असतात, ते तर आंध्र प्रदेशातल्या विहिरींतूनसुद्धा सापडलेत.

तुमच्याकडेही जांभा आहे बाळा. विहिरीचं पाणी टाकीत येतं तिथे नळाला पातळ पांढरं फडकं बांधून ठेव, मोठ्या माणसांना सांगून, आणि काही हलताना दिसलं तर पाण्यासकट बाटलीत घेऊन फोटो काढ, तारीख आणि विहिरीची खोली लिही, आणि विज्ञानाच्या बाईंना दाखव.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. बरीच वर्षं दर महिन्याला घरच्या विहिरीची पातळी वहीत लिहितोय. मुलं म्हणतात याचा काय उपयोग. कुणाच्या कामाची आहे का? (औसा)

सर, आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी मोजते, वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. एवढ्या मोठ्या राज्याला त्या पुरत नाहीत, आणि बेसॉल्टमध्ये एका शिवारातली गोष्ट पलीकडच्या शिवारात लागू पडेलच असं नाही. तुमची दर महिन्याची नोंद म्हणजे तुमच्या शिवाराचा असा इतिहास आहे जो सरकारकडेही नाही. त्यात २०१६ चा एप्रिल असेल, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तो महिना, त्या वेळी तुमची विहीर कुठे होती हे आकड्यात आहे तुमच्याकडे.

एक साधा हिशोब करून बघा. आपल्या खडकात १०० लिटर जागेत निथळून मिळणारं पाणी फार तर १ ते ३ लिटर. समजा ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला १० टक्के मुरला, म्हणजे ६० मिलिमीटर. साठवण २ टक्के धरली तर पातळी ३ मीटर वर यायला हवी. तुमच्या वहीत मे आणि ऑक्टोबरमधला फरक काढा, त्या वर्षीचा तालुक्याचा पाऊस शेजारी लिहा. उपसा मध्ये चालू असतो त्यामुळे तंतोतंत जुळणार नाही, पण सारख्याच पावसाच्या दोन वर्षांत हा फरक कमी होत गेलेला दिसला, किंवा ऑक्टोबरनंतरची घसरण आधीपेक्षा लवकर व्हायला लागली, तर तुमच्या शिवारात उपसा कधीपासून वाढला ते वर्षच सापडेल.

फक्त दोन गोष्टी तपासा. मोजायची खूण विहिरीच्या काठावर एकच होती का, काठ नंतर बांधून उंच केला असेल तर तेवढी उंची जुन्या आकड्यांत मिळवावी लागेल. आणि मोजताना मोटर बंद होती का, शक्यतो सकाळी उपशाच्या आधीचा आकडा घ्यायचा. मग वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, एक प्रत लातूरच्या भूजल कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांना द्या, एक ग्रामपंचायतीत. आणि मुलांपैकी कुणालातरी, किंवा तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला, टेप धरायला शिकवा, या ऑक्टोबरचा आकडा त्याच्या हाताने लिहून घ्या.