मेंढरांचं कुंपण, सामाईक बांध आणि तारेतला करंट

प्रश्न : माण तालुक्यात आमची साडेतीन एकर जिरायत जमीन आहे. त्यातलं दोन एकर रान 30 मेंढ्यांच्या चराईसाठी राखलंय. लांडगे आणि मोकाट कुत्र्यांच्या भीतीनं चारी बाजूंनी सिमेंटचे खांब रोवून जाळी ओढायला घेतली. पूर्वेच्या बांधावर खांब उभे राहताच शेजाऱ्यानं 'बांध आमचा आहे, आमची गाडीवाटही इथूनच जाते' म्हणत 11 खांब उपटून टाकले. पोलिसांनी 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं. मध्यंतरी दोन मेंढ्या त्याच्या ज्वारीत शिरल्या, तर त्यानं त्या डांबून ठेवून पैसे मागितले. कुंपण पुरं करता येईल का? आणि रात्री तारेत करंट सोडला तर चालेल का?

उत्तर : करंटचं आधी सांगतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. घरच्या किंवा मोटारीच्या लायनीवरून तारेत वीज सोडू नका, एका रात्रीपुरतीही नाही. तारेला चिकटून माणूस गेला तर तो चोर होता की वाट चुकलेला, यानं तुमची सुटका होत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परिणाम ठाऊक असूनही वीज सोडली असं दिसलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलम 105 लागू शकतं. आकडा टाकलेला असेल तर वीजचोरीचा गुन्हा आणखी वेगळा. आणि ज्याच्या धाकानं हे करताय, तो लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. बॅटरीवरचं किंवा सौर झटका मशीन ही निराळी गोष्ट. ते क्षणभराचे ठोके देतं. पण तेही प्रमाणित कंपनीचंच घ्या, घरी जोडलेलं नको, आणि तारेवर धोक्याची पाटी लावा.

आता बांध. सातबारा हातात धरून हद्दीचं भांडण जिंकता येत नाही. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द सांगत नाही. तुमच्या पत्रात मोजणीचा उल्लेखच नाही. तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जमिनीची हद्द मोजून नक्की करण्याचा, अर्ज करा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. शेजारी त्या दिवशी आला किंवा नाही आला, तरी नोटिशीची पोच महत्त्वाची. मोजणीनंतर खुणा दाखवल्या जातात आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मिळते. शेजाऱ्याला ती मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो. ते होऊ द्या, घाई करू नका.

इथे बहुतेक जण फसतात. मोजणीदारानं खुणा दाखवल्या म्हणजे ताबा मिळाला असं नाही. नकाशात शेजारी तुमच्या हद्दीत दोन फूट आत आलेला दिसला, तरी ती पट्टी तुम्ही स्वतः उकरून घेऊ शकत नाही. ताब्यासाठी रीतसर आदेश लागतो. दिवाणी दाव्यात न्यायालय पुष्कळदा मोजणी अधिकाऱ्यालाच कोर्ट कमिशनर (न्यायालयाच्या वतीनं पाहणी करणारा) नेमून पुन्हा मोजणी करवतं, म्हणून आधीच्या मोजणीचे कागद नीट लावून ठेवा.

खांब बांधाच्या माथ्यावर रोवू नका. हद्दीपासून फूट-दीड फूट आत घ्या. दोन एकरांत यानं फार रान जात नाही आणि जाळी दुरुस्त करायला तुम्हाला शेजाऱ्याच्या पिकात उतरावं लागत नाही. (कायद्याचं नाही, पण सांगून ठेवतो : खालच्या बाजूला काटेरी तार नको, लोकर अडकते आणि कातडी फाटते.)

गाडीवाटेचं मात्र मी तुमच्या बाजूनं ठाम बोलणार नाही. वाट खरंच जुनी वहिवाटीची असेल, तर कुंपण तुमच्याच जमिनीत असूनही ती बंद करता येणार नाही. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली शेजारी सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. तहसीलदार स्थळ पाहणी करतात आणि अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. 20 वर्षं उघडपणे, हक्कानं आणि विनाअडथळा वापर झाला असेल, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 खालीही हक्क सांगता येतो. पण हक्क जाण्यायेण्याचा आहे, जमिनीचा नाही. म्हणून गावातल्या वयस्कर माणसांना विचारा, बैलगाडी कुठून जायची ते. वाट खरी निघाली, तर बैलगाडी-ट्रॅक्टर सुखानं जाईल इतकं रुंद फाटक ठेवा, किल्ली त्यालाही द्या आणि हे दोघांच्या सहीनं कागदावर आणा. माझा अनुभव असा की अर्धे दावे इथंच थांबतात.

खांब उपटल्याबद्दल पोलिसांनी तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवायला नको होतं. हद्दीचा वाद दिवाणी असला तरी दुसऱ्याची वस्तू मोडणं हा आगळिकीचा (मुद्दाम नुकसान करण्याचा) गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 324. नुकसान किती यावर शिक्षा ठरते. पोलिसांकडून निदान अदखलपात्र नोंद (एन.सी.) घेऊन तिची प्रत मागा. उपटलेल्या खांबांचे फोटो आणि खरेदीची पावती जोडा. नोंद घेत नसतील तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

मेंढ्यांच्या बाबतीत दोघांचंही चुकलं. जनावरं पिकात शिरली तर नुकसानभरपाई मागण्याचा शेजाऱ्याला हक्क आहे, आणि तो ती जनावरं ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात (मोकाट जनावरं कोंडायच्या जागेत) पाठवू शकतो. पण स्वतःच्या गोठ्यात डांबून पैसे उकळणं त्याला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही. दोन मेंढ्यांनी ज्वारी खाल्ली असेलच. पंचांसमोर किती ते ठरवून भरपाई देऊन पावती घ्या. हीच पावती उद्या तुमचं कुंपण का गरजेचं आहे, हे दाखवायला उपयोगी पडेल.

मोजणीचा अर्ज या आठवड्यातच द्या. तोवर पूर्वेची बाजू सोडून बाकीच्या तीन बाजूंचं काम, तिथं कुणाचा वाद नसेल, तर चालू ठेवायला हरकत नाही.