तुर्कस्तानच्या महिला लीगमध्ये मिडफिल्डरचं करिअर कसं घडतं? माझ्या भाचीने आत्ताच फॉरवर्ड व्हावं का?

तुम्ही लिहिलंय की भाची १४ वर्षांची आहे, नागपुरात मधल्या फळीत खेळते, तुर्कस्तानची मिडफिल्डर एब्रू तोपचू हिचे व्हिडिओ बघते आणि तिला तशीच वाट धरायची आहे. कोच मात्र म्हणतात, मिडफिल्डरला कोणी बघत नाही, पोरीला पुढे खेळवा.

कोचच्या मुद्द्याचं उत्तर आधी देते. नाही, तिची जागा बदलू नका. "गोल करत नाहीस म्हणून दिसत नाहीस" असं चौदा वर्षांच्या मुलीला सांगणारा माणूस सामना बघत नसतो, फलक बघत असतो.

आता तुर्कस्तान. तिथे मधल्या फळीतल्या मुलीचं करिअर तिच्या पायांपेक्षा तिच्या जन्मवर्षावर ठरत आलंय. तोपचूचा जन्म १९९६ चा. ती दहा वर्षांची झाली त्या वर्षी, २००६ मध्ये, तिथली महिला लीग पुन्हा सुरू झाली. पुन्हा, कारण १९९३ मध्ये ती एकदा सुरू झाली होती आणि २००३ मध्ये बंद पडली होती. मधली तीन वर्षं देशात मुलींची लीगच नव्हती. तोपचूला सगळं वयात आल्याआल्या मिळालं: लीग, वयोगटाचे राष्ट्रीय संघ, पुढे मोठे क्लब. २०२३-२४ ला इस्तंबूलचा गालातासाराय क्लब पहिल्यांदा महिला लीगचा विजेता झाला, त्या संघात ती होती. हीच मुलगी १९८३ ला जन्मली असती तर तुमच्या भाचीला तिचे व्हिडिओ सापडले नसते.

१९८३ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. त्या सुमारास जन्मलेल्या एका बाईशेजारी मी खेळले आहे.

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीसाठी जर्मनीत कोलोनला आले आणि उपनगरातल्या एका क्लबच्या महिला संघात नाव घातलं. क्राइसलीगा, म्हणजे जिल्ह्याची तळातली लीग. तरीही मंगळवार-गुरुवार सराव आणि रविवारी सामना ठरलेला. पंच येतो, निकाल नोंदला जातो, गुणतक्ता लागतो. हिवाळ्याची सुट्टी सोडली तर हे चालूच. या देशाच्या फेडरेशनने १९५५ ते १९७० बायकांच्या फुटबॉलवर चक्क बंदी घातली होती, आणि आज तळाच्या लीगमधल्या बाईलाही दर रविवारी सामना मिळतो. मी कोल्हापुरात कॉलेजची सगळी वर्षं मिळून जेवढे सामने खेळले नसेन, तेवढे इथे पहिल्याच हंगामात खेळले.

मधल्या फळीत माझ्या डाव्या हाताला एक इस्तंबूलची बाई असायची. वयाने मोठी, म्हणून संघातल्या तुर्की मुलींसारखीच मीही तिला आब्ला, म्हणजे ताई, म्हणायचे. लीग बंद पडली तेव्हा ती नुकती विशीत आली होती, त्याआधी इस्तंबूलच्या एका संघाकडून त्या लीगमध्ये खेळलेली. चेंडू घ्यायची तिची पद्धत बघत राहावी अशी होती. चेंडू तिच्याकडे निघायच्या आधीच मान वळवून मागे कोण आहे ते बघून घ्यायची, आणि पहिल्याच टचला अंग वळवून मोकळ्या बाजूला तोंड. हे शिकवून येत नाही, सामन्यांतूनच येतं.

पण तिचे पास चुकायचे. एका नोव्हेंबरातला सामना मला नीट आठवतो. इथे जुन्या क्लबांकडे अजून लाल, बारीक खडीची मैदानं आहेत, पडलं की गुडघा सोलून निघतो. आम्ही एका गोलने मागे होतो. आब्लाने मधोमध चेंडू घेतला, दोघींना चकवलं आणि उजव्या कडेला मोकळ्या जागेत सुंदर पास टाकला. तिथे कोणीच नव्हतं, चेंडू सरळ बाहेर. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, त्याच जागी. आमची उजवी बॅक विशीतली पोर, ती ओरडली, "कोणाला देतेयस?" आब्ला काही बोलली नाही. तिसऱ्यांदा चेंडू आला तेव्हा तिने तो गुपचूप मागे गोलकीपरकडे दिला. उरलेला सामना ती तेवढंच करत राहिली.

सामन्यानंतर क्लबाच्या खोलीत चहा घेताना मी विचारलं, त्या जागी काय दिसत होतं तुला? ती म्हणाली, इस्तंबूलला तिच्या उजवीकडे जी मुलगी खेळायची ती न बघता तिथे पळायची. हिने मान वळवली की तिने पळायला सुरुवात केलेली असायची. चार हंगाम दोघी शेजारी खेळल्या होत्या. लीग बंद झाल्यावर संघातल्या मुली काही महिने एका बागेत जमत राहिल्या. मग गोलकीपर यायची थांबली. एकीचं लग्न ठरलं, एक शिक्षिका झाली, ती उजवीकडची मुलगी दुकानात कामाला लागली. २००६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाल्यावर आब्ला एका क्लबाच्या चाचणीला गेली. वेग होता, पाय जागेवर होते. पण सगळ्या मुली नव्या, आणि तिचा प्रत्येक पास कोणी नसलेल्या जागी. अर्ध्या तासाने तिथल्या कोचने विचारलं, बचावात खेळशील का? ती घरी परतली. पुढे लग्न करून जर्मनीत आली.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. लीग खंडित झाली की सगळ्यात आधी मिडफिल्डर संपते. तिच्याच पिढीतली बिल्गिन देफ्तेर्ली घ्या. तीही इस्तंबूलच्या दिनार्सूस्पोरमधून आलेली, पण स्ट्रायकर. ती जर्मनीत आली, इथेच कोलोनशेजारी ब्राउवाइलर पुलहाइमला खेळली, आणि २००९ मध्ये तो महिला संघ एफसी कोलोनमध्ये गेल्यावर कोलोनकडूनही. स्ट्रायकरला आपली कला पिशवीत भरून दुसऱ्या देशात नेता येते, कारण गोलपोस्ट सगळीकडे मैदानाच्या टोकालाच असतो. मधल्या फळीतल्या खेळाडूची अर्धी कला दुसऱ्यांच्या पायात असते. त्या दुसऱ्या पांगल्या की तिची गेली.

आब्ला बोलत होती आणि मला आमच्या कॉलेजचे जिमखान्याचे सर आठवत होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे इथे सांगायला नको. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. मीही पेठेतलीच, भावांबरोबर गल्लीत खेळत मोठी झाले, हाफला, म्हणजे मधल्या फळीत. कॉलेजात मुलींचा संघ जेमतेम जमला होता. दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी स्पर्धेला संघ पाठवायचं बंद केलं. म्हणाले, "आधी मुली तयार होऊ देत, मग स्पर्धा." मी म्हणाले, "सर, स्पर्धाच नाही तर मुली कशासाठी तयार होतील?" त्यावर त्यांचं उत्तर, "गुणवत्ता असली की वाट सापडते." पुढचं सगळं वर्ष आम्ही स्पर्धेविना सराव केला. दिवाळीनंतर मैदानावर सहा जणी उरल्या, उन्हाळ्यापर्यंत दोघी.

त्या वाक्याला तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. पुरावा तुर्कस्तानात आहे.

१९९५ मध्ये तुर्कस्तानचा महिला संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, रुमानियाविरुद्ध, आणि ८-० ने हरला. लीगला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे लीग दहा वर्षांची होते न होते तोच बंद. २००६ ला पुन्हा सुरुवात केली तेव्हा काही मुली तयार होऊन बसलेल्या नव्हत्या. अंकाराच्या गाझी विद्यापीठाचा संघ पहिली दोन विजेतेपदं घेऊन गेला, विद्यापीठाचा संघ! मग त्राब्झोनस्पोर, आताशेहिर. पण लीग चालू राहिली. चार वर्षांत, २०१० ला सिंगापूरच्या युवा ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या पंधरा वर्षांच्या पोरींनी कांस्यपदक मिळवलं. लीग परत आली तेव्हा या पोरी अकरा वर्षांच्या होत्या.

त्यानंतर कोनाक. इझ्मीरमधली एक नगरपालिका, तिचा संघ. २०१३ ते २०१७ सलग पाच वेळा विजेते. २०१३-१४ मध्ये या संघाने पोलंडच्या उनिया रात्सिबूशला हरवून युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत धडक मारली. तिथवर जाणारा तो पहिला तुर्की क्लब. पुढे ऑस्ट्रियाच्या नॉयलेंगबाखकडून ते हरले, पण मला कौतुक वाटतं ते सात वर्षांत इथवर येण्याचं. कुठल्या अब्जाधीश मालकाचा क्लब नव्हता तो. त्याच त्याच मुली वर्षानुवर्षं शेजारी खेळत होत्या. सरांनी एवढं एक उदाहरण बघितलं असतं तर त्यांचं वाक्य त्यांना पुन्हा उच्चारता आलं नसतं. आधी स्पर्धा, मग मुली. उलट्या क्रमाने हे कुठेही घडलेलं नाही.

आपल्याकडेही नाही. भारताच्या मुली १९८० आणि १९८३ ला महिलांच्या आशिया चषकात उपविजेत्या होत्या. राष्ट्रीय महिला लीग सुरू व्हायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात किती हाफ वाया गेल्या असतील याचा विचार केला की मला आजही राग येतो.

तुम्ही वाट विचारली होती, ती थोडक्यात अशी: तुर्कस्तानात मुलगी बहुतेकदा नगरपालिकेच्या किंवा विद्यापीठाच्या छोट्या संघात सुरुवात करते, तिथून वयोगटाच्या राष्ट्रीय संघात आणि मग मोठ्या क्लबात. फातमा कारा बघा, तीही मिडफिल्डर, १९९१ ची. लीग परतली तेव्हा पंधरा वर्षांची, म्हणजे अगदी वेळेवर. पुढे ती आइसलंडच्या लीगमध्येही खेळली आणि फेनेरबाहचेने महिला संघ काढल्यावर तिथे आली. आणि लीगच नसलेल्या पिढीची लाले ओर्ता बघा. दोस्तलुकस्पोर या महिला संघाची गोलकीपर, जन्म १९६०. खेळून पुढे जायला रस्ता नव्हता म्हणून तिने शिट्टी हातात घेतली, फिफाची पंच झाली आणि २०२२ मध्ये तुर्की पंच मंडळाची प्रमुख. केवढी कर्तबगार बाई! पण तिला खेळाडू म्हणून असं मोठं होता आलं नाही.

मोठे क्लब उशिरा आले. बेशिक्ताश त्यातल्या त्यात आधी, २०१९ ला विजेते. मग कोरोनाने पुन्हा खंड पाडला, २०२०-२१ चा हंगाम अंताल्यात छोट्या स्पर्धेसारखा उरकला. २०२१-२२ पासून लीगला सुपर लीग म्हणू लागले, गालातासाराय आणि फेनेरबाहचे उतरले, २४ संघ दोन गटांत. २०२४-२५ मध्ये गालातासाराय चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा पहिला तुर्की महिला संघ ठरला. गटात ल्यों, वोल्फ्सबुर्ग आणि रोमा. सहाही सामने हरले. त्यावर इथल्या कॅन्टीनमध्ये लोक हसले तेव्हा मी त्यांना सुनावलं की तुमच्या मुली सहा वर्षांच्या असल्यापासून दर रविवारी खेळतात, त्यांच्या लीगला एकदा खंड पाडून बघा.

दोन-तीन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहिते. मोठे क्लब आल्यावर परदेशी खेळाडू आल्या आणि मधल्या फळीतली जागा तुर्की मुलींनाही सहज मिळेनाशी झाली. नुसत्या फुटबॉलवर घर चालेल असं गृहीत धरू नका, तिथल्या कित्येक जणी शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ठेवतात. आणि परदेशी क्लब बाहेरून मुलगी घेताना गोल आधी बघतो, हेही खरं. आपली मनीषा कल्याण २०२२ ला सायप्रसच्या अपोलोनकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानातच, आलान्याला, भारताने एस्टोनियाला ४-३ हरवलं त्यात तिचे दोन गोल होते, आणि ती पुढेच खेळते. तुमच्या कोचच्या बाजूने बोलायचं तर एवढं आहे. पण ती त्या जागेवर वाढलेली मुलगी आहे. मधल्या फळीत जिची नजर तयार झाली तिला पुढे ढकललंत तर दोन्हीकडून जाईल.

म्हणून भाचीसाठी अकादमीचं नाव, गणवेश, परदेशी कोच यातलं काही बघू नका. वर्षाला खरे सामने किती होतात ते विचारा, पंच आणि गुणतक्ता असलेले. सामने कमी आणि शिबिरं जास्त असतील तर दुसरा क्लब शोधा. आणि तिच्या डावी-उजवीकडे ज्या दोघी खेळतात त्या टिकतील हे बघा. वय १४ म्हणजे दहावी तोंडावर आली. त्या वर्षी घरोघरी मुलींचे बूट माळ्यावर जातात आणि बहुतेकदा परत खाली येत नाहीत. त्या दोघींच्या आयांशी आत्ताच बोलून घ्या, क्लासच्या वेळा ठरायच्या आत.