बैठकीत मान डोलावणारी मी आणि घरी भांडणारी मी

प्रश्न : आमच्या विभागाच्या बैठकीत वरिष्ठांनी पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज मांडला. त्यातली एक बेरीज सरळसरळ चुकलेली होती. मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने करूनही पाहिली. मग त्यांनी एकेकाला मत विचारायला सुरुवात केली. सगळे ‘ठीक वाटतंय’ म्हणत गेले. मी टेबलाच्या शेवटच्या टोकाला बसते. माझी पाळी आली आणि मीही ‘ठीक वाटतंय’ म्हणून मोकळी झाले. घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, ‘तू मुळातच भित्री.’ पण घरात, नातेवाइकांत मी कुणाचं ऐकून घेत नाही! मग माझा खरा स्वभाव कोणता? – एक वाचक

उत्तर : यजमानांचं मत तूर्त बाजूला ठेवा. ते त्या खोलीत नव्हते.

तुम्ही बसता तशाच जागी १९५० च्या दशकात अमेरिकेत अनेक जणांना मुद्दाम बसवून पाहिलं गेलंय. सॉलोमन ॲश हे मानसशास्त्रज्ञ कॉलेजातल्या मुलांच्या एका गटाला दोन कार्डं दाखवत. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती रेघ पहिलीएवढी, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. फरक इतका उघड की एकट्याने उत्तर लिहून देणारे जवळजवळ चुकतच नसत. गोम अशी, की गटात खरा अनभिज्ञ मुलगा एकच असे आणि त्याची पाळी जवळपास शेवटी येई. बाकीचे सगळे आधीच पढवलेले. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. त्या फेऱ्यांतली या मुलांची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर वाहवली, आणि चारांतले तीन जण निदान एकदा तरी घसरले. (उरलेली दोन तृतीयांश उत्तरं बरोबर होती, हे सांगायला लोक हमखास विसरतात.)

नंतर विचारल्यावर काहींनी सांगितलं, ‘मला माझ्या डोळ्यांचीच शंका आली.’ काही म्हणाले, ‘कळत होतं, पण एकट्याने वेगळं पडायचं नव्हतं.’ तुम्ही दुसऱ्या गटातल्या. तुमच्यापुढे पेन्सिलीची बेरीज होती. शिवाय ॲश यांच्या खोलीत कुणाची बढती अडकलेली नव्हती. तुमच्या खोलीत ती अडकलेली असणार.

मला या प्रयोगांतला मोलाचा भाग पुढचा वाटतो. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी शेवटच्या मुलाच्या चुका जेमतेम पाव हिश्श्यावर येत. आणखी गंमत म्हणजे त्या एकाने खरं न सांगता तिसरंच काही चुकीचं सांगितलं, तरीसुद्धा मुलाला धीर येई. एकमतात फट पडली एवढंच त्याला पुरत होतं.

म्हणून धाडस गोळा करत बसू नका. पुढच्या बैठकीआधी शेजारच्या सहकाऱ्याला तो कागद दाखवा आणि ‘ही बेरीज तुला पटते का’ एवढंच विचारा. बैठकीतही ‘हे चूक आहे’ असा निवाडा द्यायची गरज नाही. ‘हा आकडा कसा आला, जरा समजावाल का?’ यानेही फट पडते. वरिष्ठ ऐकून घेणारे असतील, तर मतं आधी कागदावर घेण्याचं सुचवून पाहा. मी शिकवत असताना वर्गात हात वर करायला लावत नसे. कारण मुलांची नजर आधी हुशार मुलाच्या बाकाकडे जायची, मग हात वर यायचा. आधी वहीत लिहा, मग वाचून दाखवा, असा माझा दंडक होता. पोरं कुरकुरायची, पण उत्तरं निरनिराळी यायची.

राहिला तुमचा खरा स्वभाव. घरात भांडणारी तुम्हीच आणि बैठकीत गप्प बसणारीही तुम्हीच. भांडलात म्हणून घरातून कुणी तुम्हाला कमी करणार नाही, नोकरीचं तसं नसतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि प्रसंगाचं वजन कमी धरायचं, ही खोड आपल्या सगळ्यांना असते. ली रॉस यांनी १९७७ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. यजमानांना सांगून पाहा. त्यांच्या स्वभावावर मात्र घसरू नका.

प्रश्न : वर्दी चढवली की साधा माणूसही क्रूर होतो, असं आम्हाला तुरुंगाच्या प्रयोगावरून शिकवलं. आता कुणी म्हणतं, तो बनाव होता. मग वाईट वागणाऱ्याने ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून हात झटकले, तर मान्य करायचं का? – एक विद्यार्थी

उत्तर : मुळीच नाही.

१९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात फिलिप झिम्बार्डो यांनी खोटा तुरुंग उभारला. कोण कैदी, कोण पहारेकरी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर ठरलं. दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळावा लागला. पण झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले होते. एका सौम्य पहारेकऱ्याला ‘जरा कडक हो’ म्हणून त्यांचा सहायक गळ घालतोय, असं ध्वनिमुद्रणही आहे. शंका आली ती यामुळे. बनाव म्हणणं मला जास्तीचं वाटतं, पण ‘वर्दीनेच सगळं घडवलं’ हेही टिकत नाही. २००२ मध्ये हॅस्लम आणि रायकर यांनी बीबीसीसाठी असाच प्रयोग केला. तिथले पहारेकरी आपल्या भूमिकेशी एकरूप झालेच नाहीत, उलट कैद्यांनीच त्यांची सत्ता उलथवली.

त्यामुळे कुणी परिस्थितीकडे बोट दाखवलं, की मी दोन गोष्टी विचारते. ती परिस्थिती रचली कुणी? आणि त्याच जागी वेगळं वागणारं कुणी होतं का? स्टॅनफर्डमध्येही काही पहारेकरी कैद्यांशी बऱ्यापैकी वागत होते. वर्दी त्यांच्याही अंगावर होती.

परीक्षेत प्रश्न आला, तर १९७१ च्या जोडीला २००२ चा प्रयोगही लिहा.